दुकानं भरली, पुतळे उतरले, मग विकास झाला का?

गेल्या अंकात मी या सदरात एवढंच म्हटलं होतं की १९८९ नंतर कम्युनिस्ट राजवटी कोसळल्यावर पूर्व युरोपात आणि जुन्या सोव्हिएत युनियनमधल्या देशांत जे घडलं त्याला लगेच विकास म्हणायची घाई करू नका, आधी त्याला नुसतं ‘बदल’ म्हणा आणि मग त्यातलं कुणाच्या घरात काय पोचलं ते बघा. त्यावर इतके मेल आलेत की हा अख्खा अंक त्यालाच देतेय. काही जण चिडलेत, काहींना पटलंय, पण प्रश्न खरंच मनापासून आलेत. जमतील तेवढे घेते. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई, मी राज्यशास्त्र शिकतेय. पुस्तकात स्थित्यंतर, बदल, सुधारणा, विकास हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले असतात आणि सरांना विचारलं तर म्हणतात सगळं एकच. तुम्ही म्हणता वेगळं. नक्की फरक काय ते उदाहरण देऊन सांगाल का?

उत्तर : आधी तारखा बघ. पोलंडने १ जानेवारी १९९० ला बहुतेक किमतींवरचं सरकारी बंधन काढलं. पूर्व जर्मनीत १ जुलै १९९० ला पश्चिम जर्मनीचं चलन, मार्क, चालू झालं. रशियाने २ जानेवारी १९९२ ला किमती मोकळ्या सोडल्या. बदलाला अशी तारीख असते कारण तो कुणीतरी ठरवून केलेला असतो, कायदा पास होतो, पाटी बदलते, मालक बदलतो. विकासाची अशी तारीख मला आजवर कुठल्या पुस्तकात सापडली नाही. काल माणसाला जे जमत नव्हतं ते आज जमायला लागणं, पगार वेळेवर मिळणं, आजारपणात दारात डॉक्टर मिळणं, मालकाने फसवलं तर कोर्टात जाऊन काहीतरी हाती लागणं, हे हळूहळू होतं आणि झालंय हे पण मागे वळून बघितल्यावरच कळतं.

आता उदाहरण. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या पूर्वेला पिकाल्योवो नावाचं गाव आहे, वीस-बावीस हजार वस्तीचं. सोव्हिएत काळात तिथे एकच मोठा कारखाना होता, म्हणजे एकाच छताखाली अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा कच्चा माल), सिमेंट आणि सोडा-पोटॅश असं तिन्ही बनायचं. अ‍ॅल्युमिना काढून जो गाळ उरायचा तो सिमेंटवाल्यांचा कच्चा माल, आणि उरलेलं द्रावण केमिकलवाल्यांचं. काही म्हणजे काही वाया जायचं नाही. खासगीकरणानंतर या एका कारखान्याचे तीन झाले आणि तीन वेगवेगळे मालक झाले. कागदावर हा बदल शंभर टक्के पूर्ण, सरकारी कारखाना गेला, खासगी मालक आले, भाव बाजाराने ठरायला लागले. पण तिघांचं भावावरून जुळेना, मग एकाने दुसऱ्याचा माल घेणं थांबवलं की तिघंही अडकायचे, आणि २००८ च्या मंदीत तिन्ही एकामागे एक बंद पडले. गावाचं गरम पाणी त्याच कारखान्याच्या वीजघरातून यायचं, गॅसचं बिल थकलं आणि मे २००९ मध्ये अख्ख्या गावाचं गरम पाणी बंद झालं. २ जूनला लोक महामार्गावर जाऊन बसले, दोन दिवसांनी पुतिन स्वतः आले आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर मालकाला बोलावून करारावर सही करायला लावली. त्या गावातल्या बाईला जर तू विचारलंस की तुमच्याकडे बदल झाला का, तर ती हो म्हणेल. विकास झाला का असं विचारलंस तर ती काय म्हणेल ते तूच ठरव.

तुझ्या पुस्तकात हे दोन शब्द एक का झालेत, त्याचंही कारण आहे. १९९१ मध्ये लंडनला युरोपियन पुनर्बांधणी आणि विकास बँक सुरू झाली, खास याच देशांसाठी. १९९४ पासून ती दरवर्षी अहवाल काढायला लागली आणि प्रत्येक देशाला मार्क द्यायला लागली, १ पासून ४+ पर्यंत. मार्क कशाचे, तर किती कारखाने विकले, किमती किती मोकळ्या केल्या, आयात-निर्यात किती उघडली, बँकांमध्ये काय सुधारणा केल्या. हे मोजणं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, बँकेला ते हवंच होतं. पण मोजलं काय तर बदल, आणि बँकेच्या नावात मात्र विकास, आणि पेपरवाले, नेते, प्राध्यापक सगळे त्या मार्कांकडे बघून म्हणायला लागले की अमुक देश पुढे गेला, तमुक मागे पडला. ‘ट्रान्झिशन’, म्हणजे तुझ्या पुस्तकातलं स्थित्यंतर, या शब्दातच एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की गाडी कुठल्या स्टेशनात जाणार ते आधीच ठरलंय, फक्त उशीर किती एवढाच प्रश्न. सगळ्या गाड्या त्या स्टेशनात गेल्या नाहीत.

प्रश्न : पोलंड आणि रशिया दोघांनीही शॉक थेरपीच केली ना, म्हणजे किमती-बाजार सगळं एका झटक्यात मोकळं केलं? मग एकाचं गाडं रुळावर आलं आणि दुसऱ्याचं का नाही? मला वाटतं लोकांच्या स्वभावाचा फरक असणार.

उत्तर : स्वभावाचं कारण मला मुळीच पटत नाही, आणि स्पष्टच सांगते, त्या कारणाने माझी चिडचिड होते. एखाद्या देशाचं वाटोळं झालं की तिथली माणसंच आळशी किंवा लबाड असं म्हणून मोकळं व्हायचं, आपल्याला मग काही समजून घ्यायला नको.

पोलंडमध्ये पण हाल झालेत बरं का. अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची योजना लागू झाली त्या एकट्या जानेवारी १९९० मध्ये किमती जवळपास ८० टक्के वाढल्या. बेकारी शून्यावरून तीन-चार वर्षांत १६ टक्क्यांपर्यंत गेली. सरकारी शेतीफार्म तर दोन-तीन वर्षांत बंदच करून टाकले, तिथली घरं, पाळणाघर, बस, सगळं फार्मच्या जिवावर होतं, फार्म गेलं आणि माणसं आपापल्या ब्लॉकच्या इमारतींत तशीच बसून राहिली, ना जवळ शहर ना हाताला काम. ती जखम पोलंडमध्ये अजून दुखते. तेव्हा पोलंडला फुकटात जमलं असं कुणी म्हणू नये.

पण पोलंडकडे पायाखाली काहीतरी होतं. एक म्हणजे शेतजमीन, कम्युनिस्ट राजवट असतानासुद्धा तिथली साधारण तीन चतुर्थांश शेती खासगी छोट्या शेतकऱ्यांकडेच राहिली होती. दुसरं, कुणीही कुठलाही धंदा करू शकतो असा कायदा १९८८ च्या डिसेंबरमध्येच झाला होता, शॉक थेरपीच्या एक वर्ष आधी आणि तोही कम्युनिस्ट सरकारनेच केलेला. म्हणजे किमती मोकळ्या झाल्या तेव्हा फुटपाथवर घडीची खाट टाकून त्यावर माल मांडून बसलेली माणसं आधीच होती, वाढलेला भाव बघून ती माल घेऊन आली आणि भाव खाली यायला लागले. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २७ मे १९९० ला पोलंडमध्ये गावोगावच्या स्थानिक संस्थांच्या मोकळ्या निवडणुका झाल्या. नळ, गटार, प्राथमिक शाळा, गावातले रस्ते हे सगळं वॉर्सामधून उचलून गावाच्या हातात गेलं, आणि गावाने निवडलेला माणूस काम करत नाही म्हटल्यावर त्याला घरी बसवायची सोय झाली.

आणि पडणाऱ्याला धरायला कुणीतरी होतं. यात्सेक कुरोन म्हणून कामगारमंत्री होते, आधी राजवटीविरुद्ध लढताना अनेक वर्षं तुरुंगात काढलेले, ते दर आठवड्याला टीव्हीवर येऊन साध्या भाषेत लोकांशी बोलायचे, हे का होतंय, किती दिवस त्रास होईल. बेकारांना मिळणाऱ्या भत्त्याला लोकांनी त्यांचंच नाव दिलं, ‘कुरोनुव्का’. भत्ता तुटपुंजा होता, मान्य. पण सरकारमधलं कुणीतरी माझ्याशी बोलतंय हे लोकांना कळत होतं. शिवाय बाहेरूनही मदत झाली, १९९१ मध्ये पाश्चात्त्य सरकारांनी पोलंडचं त्यांच्याकडचं निम्मं कर्ज माफ करायचं ठरवलं.

रशियात यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. खासगी शेती साठ वर्षांपूर्वीच मोडलेली, खासगी धंदा पिढ्यान्‌पिढ्या कुणी बघितलेला नाही, देशच नुकता फुटलेला. १९९२ या एका वर्षात महागाई सुमारे २,५०० टक्के झाली. आता हा आकडा नुसता वाचून काही वाटत नाही, त्याचा अर्थ असा की एखाद्या बाईने तीस वर्षं नोकरी करून सरकारी बचत बँकेत मोटारीपुरते पैसे साठवले असतील तर वर्षअखेर त्यात फारतर थोडं किराणा सामान यायचं. त्यानंतर पगार थकायला लागले. गुस-ख्रुस्ताल्नी हे काचेच्या कारखान्यांचं गाव, तिथे कामगारांना पगाराऐवजी काचेची भांडी, फुलदाण्या दिल्या जायच्या आणि ती माणसं रेल्वे स्टेशनवर, हायवेच्या कडेला उभी राहून त्या विकायची. पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९० मध्ये ६४ वर्षांच्या आसपास होतं, ते १९९४ मध्ये ५८ च्या खाली गेलं. चार वर्षांत सहा वर्षं. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही. दारू, हार्ट अ‍ॅटॅक, अपघात, आत्महत्या. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं छापण्यात चूक असेल.

अर्थव्यवस्थेचा एकूण आकार बघायचा तर पोलंडने १९८९ ची पातळी १९९६ च्या सुमारास गाठली. रशियाला आपली जुनी पातळी गाठायला २००७ च्या आसपास यावं लागलं, तेही तेलाचे भाव चढले म्हणून. युक्रेन तर २०२२ च्या युद्धाआधीही १९९० च्या मागेच होता.

प्रश्न : सरकारने कारखान्यांचे शेअर सगळ्या जनतेला फुकट वाटले हे मला तरी सगळ्यात न्याय्य वाटतं, जनतेचा माल जनतेला. मग त्यात चुकलं कुठे?

उत्तर : कल्पना ऐकताना न्याय्य वाटतेच, मलाही वाटायची. चेकोस्लोव्हाकियात १९९२ मध्ये हे झालं. ३५ कोरुनाचं पुस्तक, त्यावर लावायचा शिक्का १,००० कोरुनाचा, म्हणजे तेव्हाच्या महिन्याच्या पगाराचा साधारण पाव हिस्सा. पुस्तकात १,००० पॉइंट, ते वापरून हव्या त्या कंपनीच्या शेअरवर बोली लावायची. सुरुवातीला कुणी फिरकत नव्हतं. मग व्हिक्टर कोझेनी नावाच्या तरुणाने आपल्या फंडाच्या जाहिराती सुरू केल्या, पॉइंट आम्हाला द्या, वर्ष आणि एका दिवसात दहापट पैसे परत. लोकांची रांग लागली, शेवटी ८० लाखांहून जास्त माणसं या योजनेत उतरली आणि बहुतेकांनी आपले पॉइंट असल्याच फंडांना देऊन टाकले, कारण घरी बसून कुठली कंपनी चांगली हे सामान्य माणसाला कळणार कसं?

पुढे काय झालं त्यासाठी चेक भाषेत नवा शब्दच तयार झाला, ‘टुनेलोवानी’, बोगदा खणणे. म्हणजे कंपनीवर ज्यांचा ताबा आहे त्यांनी आतून बोगदा काढायचा, चांगली मशिनरी आपल्याच दुसऱ्या कंपनीला कवडीमोलाने विकायची, कर्ज मात्र जुन्या कंपनीच्या नावावर ठेवायचं. बाहेरून इमारत जशीच्या तशी, आत काही नाही. शेअर हातात असलेला शिक्षक किंवा ड्रायव्हर काहीच करू शकत नव्हता. कोझेनी बहामाला निघून गेला, २०१० मध्ये प्रागच्या कोर्टाने त्याला गैरहजेरीत शिक्षा सुनावली. आता नीट बघा, शेअर वाटले १९९२ ला आणि शेअरबाजारावर नजर ठेवणारं कमिशन नेमलं १९९८ ला. मधली सहा वर्षं बाजार मोकळा आणि पोलीस नाही. घोडं अडलं ते इथे.

रशियाचं व्हाउचर, म्हणजे शेअर घ्यायचं तसंच कूपन, १ ऑक्टोबर १९९२ पासून वाटलं, दर्शनी किंमत १०,००० रूबल, लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना. याची किंमत पुढे दोन व्होल्गा गाड्यांएवढी होईल असं खासगीकरणाचे प्रमुख चुबाइस म्हणाले होते. महागाई इतकी होती की लोकांनी ते मिळेल त्या भावाला विकलं, कुणी वोडकाच्या बाटल्यांवर. आणि खरोखर मोठा माल तर पुढे १९९५ मध्ये गेला, सरकारने बँकांकडून कर्ज घेतलं आणि तारण म्हणून कंपन्यांचे शेअर ठेवले, कर्ज फिटलं नाही, शेअर बँकवाल्यांचे झाले. नोरिल्स्क निकेल म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या निकेल कंपन्यांपैकी एक, तिचे ३८ टक्के असेच सुमारे १७ कोटी डॉलरला गेले.

अल्बानियाचं तर मन मोडणारं आहे. तिथे साध्या लोकांनी पिरॅमिड कंपन्यांत पैसे घातले, महिन्याला आठ-दहा टक्के आणि शेवटी शेवटी त्याहून कितीतरी जास्त व्याज, त्यासाठी घरं विकली, गुरं विकली, इटली-ग्रीसमध्ये राबणाऱ्या पोरांनी पाठवलेले पैसे घातले. देशातल्या प्रत्येक तीन माणसांतली दोन यात होती असा अंदाज आहे. १९९७ च्या सुरुवातीला सगळं कोसळलं, लोकांनी लष्कराची कोठारं फोडून बंदुका नेल्या आणि त्या गोंधळात सुमारे २,००० माणसं मेली. चाळीस वर्षं ज्यांनी बँक म्हणजे फक्त सरकारी खिडकी बघितली होती त्यांना कंपनी, व्याज, जोखीम हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं, आणि वरून कुणी थांबवतही नव्हतं. त्यांना हावरट म्हणणं मला तरी जमणार नाही.

प्रश्न : तुमचा लेख वाचून असं वाटतं की जुनी राजवटच बरी होती. घर होतं, नोकरी होती. पूर्व जर्मनीतले वयस्कर लोक पण म्हणतात ना तसं?

उत्तर : नाही हो, मी तसं म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. ट्राबांट गाडीसाठी दहा-दहा वर्षांहून जास्त थांबायचं, फोनसाठी वर्षानुवर्षं, बिटरफेल्डच्या आसपास केमिकल कारखान्यांनी हवा अशी केलेली की खिडकीत वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे, आणि भिंत ओलांडायला गेलं तर गोळी. गुप्त पोलिसांना माहिती देणारा शेजारी असू शकतो, मित्र असू शकतो, कधीकधी नवराच असायचा. बदल हवाच होता, आणि तो लोकांनी स्वतः रस्त्यावर येऊन आणला, हे विसरून कसं चालेल?

पण ते वयस्कर लोक काय म्हणतात ते जरा ऐकून घ्या. सरकारी कारखाने विकायला ‘ट्रॉयहांड’ नावाची संस्था नेमली, तिच्याकडे सुरुवातीला सुमारे ८,५०० कंपन्या आणि त्यातले ४० लाख कामगार. १९९४ संपताना तिने आपलं दुकान बंद केलं, तेवढ्यात सगळं विकून किंवा बंद करून झालं होतं. आणि त्याच्याआधीच एका रात्रीत पश्चिमेचा मार्क आलेला, पगार एकास एक, म्हणजे कारखान्याचा खर्च मार्कात आणि पूर्वेचं गिऱ्हाईक, पोलंड-रशिया, मार्कात घ्यायला तयार नाही, इथले लोक तर स्वतःच पश्चिमेचा माल घ्यायला धावलेले. नोकरीबरोबर कारखान्याचं पाळणाघर गेलं, दवाखाना गेला, क्लब गेला. तिथल्या बायका जवळजवळ सगळ्याच कामाला जायच्या, पहिल्यांदा घरी बसायची वेळ त्यांच्यावर आली. १९८९ मध्ये पूर्व जर्मनीत सुमारे २ लाख मुलं जन्मली, १९९४ मध्ये ८० हजारांच्याही खाली. पाच वर्षांत निम्म्याहून कमी! भाषण कोण काय करतंय ते सोडा, मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवताना माणूस खोटं बोलत नाही.

आणि त्याच काळात तिथल्या म्हाताऱ्यांचं, विशेषतः बायकांचं आयुर्मान भराभर वाढलं, चांगली औषधं आली, हॉस्पिटलं सुधारली, आयुष्यभर नोकरी केलेली असल्याने पेन्शन बरी मिळाली, नद्या स्वच्छ झाल्या. म्हणजे एकाच घरात आजीचा विकास झाला आणि पन्नाशीतल्या मुलाचं आयुष्य मधेच तुटलं. दोघंही खरं बोलतात. आपण एकाचंच ऐकायला गेलो की चुकतो.

प्रश्न : बेलारूसने तर बदल केलाच नाही, तरी चाललं ना त्यांचं?

उत्तर : चाललं काही वर्षं, खरं आहे. १९९४ पासून राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को, ट्रॅक्टरचा आणि ट्रकचा कारखाना सरकारीच, रशियासारखे कारखाने लुटले गेले नाहीत, पगार थकले नाहीत. पण त्यामागे रशियाकडून मिळणारं स्वस्त तेल आणि गॅस होता, आणि तो कधी, किती, कुठल्या अटीवर द्यायचा हे मॉस्को ठरवणार. २०२० मध्ये निवडणुकीनंतर लाखो लोक रस्त्यावर आले तेव्हा त्याच ट्रॅक्टर कारखान्यातले कामगारही त्यात होते, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय असं सांगितलं जायचं ते. पोटाला मिळतंय पण तोंड उघडायचं नाही, याला पण मी विकास म्हणणार नाही.

प्रश्न : सगळे एस्टोनियाचं कौतुक करतात. तुम्ही पण कराल का?

उत्तर : करते, मनापासून. जून १९९२ मध्ये स्वतःचं चलन आणलं, जर्मन मार्कला आठ क्रून असं बांधून टाकलं, आणि १९९६ मध्ये देश गरीबच असताना शाळांना कॉम्प्युटर आणि इंटरनेट द्यायची योजना काढली, ‘वाघाची झेप’ नावाची. २००५ मध्ये घरबसल्या मतदान. पण रशियाच्या सीमेवरच्या नार्वा गावातली क्रेनहोमची कापडगिरणी, हजारो कामगारांची, २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशातली साधारण एक तृतीयांश माणसं, मुख्यतः रशियन बोलणारी, कुठल्याच देशाची नागरिक नव्हती. नंतर तो आकडा खूप कमी झाला. तरी कौतुक करताना नार्वा नकाशावर ठेवा एवढंच.

प्रश्न : युरोपच्या बाहेरचं एखादं उदाहरण द्या, मंगोलियाबद्दल कुणीच बोलत नाही.

उत्तर : चांगली आठवण केलीत. तिथे सहकारी पशुपालन संस्था होत्या, ‘नेगदेल’ म्हणायचे. नव्वदच्या सुरुवातीला त्या मोडल्या आणि जनावरं कुटुंबांना वाटली. शहरातल्या नोकऱ्या गेलेली माणसंही मेंढपाळ झाली, जनावरांची संख्या १९९९ पर्यंत ३ कोटी ३० लाखांच्या वर गेली, आकडा बघून सगळ्यांना वाटलं वा, किती प्रगती! पण नेगदेल जी कामं करायची, हिवाळ्याचा चारा साठवणं, विहिरी दुरुस्त ठेवणं, जनावरांचा डॉक्टर पाठवणं, ती वाटून देता येण्यासारखी नव्हती, म्हणून ती कुणाच्याच वाट्याला आली नाहीत. मग ‘झुड’ आला, बर्फाने गवत झाकून टाकणारा जीवघेणा हिवाळा, तोही लागोपाठ तीन. २००२ पर्यंत जनावरं २ कोटी ४० लाखांच्या आसपास उरली. पोलंडच्या शेतीफार्मचं आणि पिकाल्योवोच्या गरम पाण्याचं हेच झालं होतं. मालमत्तेची वाटणी सगळ्यांनी केली, जबाबदारी कुणाकडे जाणार हे विचारायचं राहून गेलं.

प्रश्न : बल्गेरिया, लाटव्हिया हे देश आता युरोपियन युनियनमध्ये आहेत, माणशी उत्पन्न वाढतंय, तरी लोक देश सोडून का जातात? आणि लोकच गेले तर तो विकास कुणाचा?

उत्तर : तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य मी कित्येक दिवस डोक्यात घेऊन फिरतेय. बल्गेरियाची लोकसंख्या १९८९ मध्ये ९० लाखांच्या जवळ होती, २०२१ च्या जनगणनेत ६५ लाख. लाटव्हिया २६ लाखांच्या वर होता, आता १९ लाखांच्या आत-बाहेर. यात जन्म कमी होणं आहे, लाटव्हियातून रशियन लोकांचं परत जाणं आहे, पण मोठा भाग तरुण माणसांच्या निघून जाण्याचा आहे. २००४ मध्ये पूर्व युरोपातले आठ देश एकदम युनियनमध्ये आले तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने लगेच दारं उघडली, आणि लोक गेले, का नाही जाणार, तिथे एका महिन्यात इथल्या काही महिन्यांचा पगार.

माणशी उत्पन्न म्हणजे एकूण उत्पन्न भागिले माणसं. माणसं कमी झाली की भागाकार आपोआप सुधारतो, त्यात बाहेरून पाठवलेल्या पैशाने दुकानं चालतात, घरं बांधली जातात. मोल्दोव्हात आणि रुमानियात अशी गावं आहेत, नवं कोरं दुमजली घर, आत राहणारं कुणी नाही किंवा आजी आणि नातवंडं. आई इटलीत कुणाच्या तरी म्हाताऱ्या वडिलांची सेवा करतेय, रात्रंदिवस त्याच घरात राहून. या बायका परत आल्या की त्यांना झोप लागत नाही, मुलं ओळखीची वाटत नाहीत, उदास राहतात, त्याला तिकडे ‘इटली सिंड्रोम’ म्हणतात. गावातली नर्स इटलीत गेली म्हणून गावातल्या आजीला इंजेक्शन द्यायला कुणी नाही आणि इटलीतल्या आजोबांना आहे.

मी जाणाऱ्यांना दोष देत नाही, आधी पासपोर्टच मिळायचा नाही, आता जाता येतं ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे आणि तीसुद्धा विकासच. पण मोजायचं झालं तर मी असं विचारेन की परत यायचं म्हटलं तर येता येतं का? पोलंडमध्ये गेल्या काही वर्षांत लोक परत यायला लागलेत, मोल्दोव्हात तितकं नाही.

प्रश्न : ताई, हे सगळं एकाच ठिकाणी बघायला मिळेल अशी एखादी जागा सांगा ना, कधी युरोपला गेलो तर जाऊन बघेन.

उत्तर : वॉर्सामध्ये विस्तुला नदीच्या काठावर स्टेडियम आहे तिथे जा. युद्धात शहर जमीनदोस्त झालं होतं, त्याच विटामातीच्या ढिगाऱ्यातून कम्युनिस्ट सरकारने १९५५ मध्ये तिथे एक स्टेडियम उभं केलं, दशकपूर्ती स्टेडियम. परेड व्हायच्या, खेळ व्हायचे, पुढे ते पडीक झालं. १९८९ मध्ये तिथे बाजार भरायला लागला आणि बघता बघता तो युरोपातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक झाला. सोव्हिएत युनियनमधून लोक रात्रभर ट्रेनने चौकडीच्या मोठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन यायचे, इस्त्र्या, कॅमेरे, दुर्बिणी, जुनी मेडल्स, जे घरात असेल ते विकायचे आणि जीन्स घेऊन परत जायचे. त्यात शिक्षिका असायच्या, इंजिनिअर असायचे. व्हिएतनामी लोकांची तर एक अख्खी वस्तीच त्या धंद्यावर उभी राहिली. सरकारने ठरवलेलं त्यात काही नव्हतं, चोरीचा मालही असायचा, पण हजारो घरं त्या बाजारावर जगली आणि तिथूनच बऱ्याच जणांनी पुढे रीतसर दुकानं टाकली. २००८ मध्ये बाजार उठवला, जुनं स्टेडियम पाडलं, नवं बांधलं आणि २०१२ च्या युरो फुटबॉलचा पहिला सामना तिथेच झाला.

मार्च २०२२ मध्ये याच स्टेडियममध्ये युक्रेनमधून पळून आलेल्या लोकांना ओळख क्रमांक द्यायचं केंद्र उघडलं, त्या नंबरमुळे तेव्हा पोलंडमध्ये काम, मुलाची शाळा, दवाखाना हे सगळं सोपं व्हायचं. ज्या जागी तीस वर्षांपूर्वी पूर्वेकडून आलेली बाई इस्त्री विकायला चटई टाकून बसायची, तिथे पूर्वेकडून आलेली दुसरी बाई मुलाचा हात धरून रांगेत उभी होती. तुम्ही गेलात तर प्रवेशद्वारापाशी जरा थांबा आणि मग आत जा.